प्लाझ्मा: दोन दिवसांत नेमकं काय भरून येतं?

काही जण म्हणतात की दान केलेला प्लाझ्मा (रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रव भाग) एक-दोन दिवसांत भरून येतो, म्हणून अमेरिकेत आठवड्यातून दोनदा देतात ते सुरक्षितच. नियम बरोबर आहे: ७ दिवसांत २ वेळा, मध्ये किमान ४८ तास. पण त्या वेळात भरून येतं ते मुख्यतः पाणी. प्रथिनं, त्यातही प्रतिपिंडं (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं), सावकाश परततात. सतत देणाऱ्यांत त्यांची पातळी खालीच राहू शकते. म्हणूनच तिथे दरवेळी सुई टोचण्याआधी बोटातून रक्त घेऊन एकूण प्रथिनं मोजतात, ६ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की त्या दिवशी घरी. ब्रिटन, ऑस्ट्रेलियात दोन आठवड्यांचं अंतर ठेवतात. एकाच शरीराला दोन वेगळे हिशोब कसे, तर अमेरिकेत प्लाझ्मा देण्याचे पैसे मिळतात आणि औषध कंपन्यांना तो हवाच असतो, असं माझं मत. (आपल्याकडे रक्ताचे पैसे घेणं १९९८ पासून बंद आहे.)

तेव्हा ४८ तास ही किमान मर्यादा समजा, वेळापत्रक नव्हे. मी स्वतः महिन्यातून एकदाच जातो. देताना ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा. तो सायट्रेटचा (प्लाझ्मा वेगळा करणाऱ्या यंत्रात रक्त गोठू नये म्हणून मिसळतात त्या द्रव्याचा) परिणाम, यंत्राचा वेग कमी केला की बहुधा थांबतो.