मदत हवी आहे: पीएचपीत चालू पानाच्या फाइलचं नाव कसं मिळवायचं?

साइट साध्या पीएचपी ७.४ मध्ये आहे, फ्रेमवर्क नाही. एचटीअ‍ॅक्सेस या फोल्डरपुरत्या सेटिंग फाइलमधल्या रीराइटमुळे (पत्ता वळवणाऱ्या नियमामुळे) प्रत्येक विनंती इंडेक्स.पीएचपीकडे जाते, ती यूआरएल बघून पेजेस फोल्डरमधली योग्य फाइल इन्क्लूड करते (म्हणजे स्वतःत ओढून चालवते) आणि ती फाइल मेन्यू.पीएचपी इन्क्लूड करते. चालू पानाची लिंक मेन्यूत ठळक दिसावी, एवढंच हवंय.

मेन्यूत __फाइल__ छापलं की मेन्यू.पीएचपीच येतं. ते बरोबरच आहे, तो कॉन्स्टंट जिथे लिहिला त्याच फाइलचं नाव देतो. सर्व्हर अ‍ॅरेतलं स्क्रिप्ट_नेम (चालू स्क्रिप्टचा पत्ता) बेसनेममधून (पत्त्यातलं फक्त फाइलचं नाव देणारं फंक्शन) काढलं तर कुठल्याही पानावर इंडेक्स.पीएचपी. पीएचपी_सेल्फचीही तीच गत, शिवाय ते एस्केप न करता छापणं धोक्याचं. रिक्वेस्ट_यूआरआय (ब्राउझरने मागितलेला पत्ता) चालेल असं वाटलं होतं, पण आमच्या यूआरएल मराठीत आहेत, त्यामुळे हातात पर्सेंट-एन्कोडेड (अक्षरांऐवजी % चिन्हांचे कोड असलेलं) भेंडोळं येतं. डीकोड केलं तरी ती यूआरएलच, फाइलचं नाव नाही.

डीबग_बॅकट्रेसच्या (कोणत्या फाइलमधून कोड इथवर आला ते दाखवणारं, चुका शोधायचं फंक्शन) पहिल्या नोंदीत, उदाहरणार्थ संपर्काच्या पानावर, कॉन्टॅक्ट.पीएचपी बरोबर दिसतं. पण लाइव्ह साइटवर हे वापरणं मनाला पटत नाही. प्रत्येक पानात व्हेरिएबल लिहायचं नाहीये (पानं बरीच आहेत), आणि शेअर्ड होस्टिंगमुळे सर्व्हर कॉन्फिगला हात लावता येत नाही.

मेन्यूला इन्क्लूड करणाऱ्या फाइलचं नाव मिळवायचा याहून सरळ मार्ग आहे का, की इंडेक्समध्येच इन्क्लूडच्या आधी नाव साठवून पुढे द्यावं?