वाद्यावरच्या अभंगाला 'धून' म्हणायचं, 'गत' की 'चाल'?

प्रश्न : नागपुरात भजनांवर बेतलेले वाद्यसंगीताचे कार्यक्रम होतात. गायक नसतो; बासरी, कीबोर्ड, गिटार आणि खंजेरी. निवेदक एकाच रचनेला कधी 'धून' म्हणतात, कधी 'गत'. बरोबर काय?

उत्तर : 'गत' नकोच. गत ही सतारीसारख्या तंतुवाद्याच्या बोलांवर, म्हणजे तार छेडण्याच्या ठरलेल्या अक्षरांवर, बांधलेली असते. मसीतखानी या संथ लयीच्या गतीत 'दिर दा दिर दा रा दा दा रा' हे बोल ठरलेले, आणि सोळा मात्रांच्या तीनतालात उठाव, म्हणजे सुरुवात, बाराव्या मात्रेपासून. अभंगात यातलं काही नाही.

'चाल' म्हणा. चाल शब्दांवर बेतलेली असते, त्यामुळे शब्द गाळले तरी अक्षरांचा हिशेब तिच्यात उरतो. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा : 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया ॥'. बासरीवाले घसरतात ते या चौथ्या चरणात. तो तोकडा वाटतो म्हणून मुरक्या (सुरांची छोटी वळणं) घालून बाकीच्यांएवढा भरतात आणि अभंगाचा घाटच जातो. 'ठे-वो-नि-या' ही चार अक्षरं फुंकेत वेगळी दिसू द्या, 'या'वर थांबा, मग श्वास घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांच्या शेवटी सुरांचं सारखंच वळण घेतलं, तर 'विटेवरी-कटावरी' हे यमकसुद्धा ऐकू येतं.

प्रश्न : मग 'धून' चूकच?

उत्तर : चूक नाही, वेगळी. चालीतली एखादी ओळ उचलून पुढे मोकळा विस्तार केलात तर ती धून. मात्र विदर्भात 'धून' म्हटलं की तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची रामधून आठवते, आणि ती म्हणायची असते. म्हणून 'बासरीवर धून' असं वाद्याचं नाव जोडून लिहावं.

आणखी एक : खंजिरी आणि खंजेरी दोन्ही रूपं चालतात. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे आपल्याकडे 'खंजेरी' जास्त रुळलंय. ध्वनिमुद्रणात मात्र तिच्या कडेच्या धातूच्या चकत्या आणि टाळ दोन्ही तार (उंच) आवाजाचे, एकमेकांत मिसळून नुसता खणखणाट होतो. माइक कडेला नको, चामड्याकडे तोंड करून वीतभर लांब ठेवा. टाळकरी मागे बसवा. पावसाळ्यात चामडं सैल पडून आवाज बसतो. वाजवण्याआधी हलकी ऊब द्या, पण जाळाजवळ धरू नका, तडकतं.

ठेक्याबद्दलही एक. भजनी ठेका आठ मात्रांचा, पण गजराकडे जाताना लय चढत जाते. लय दाखवणारी संगणकाची टिकटिक एकाच वेगावर ठेवून वाजवलं तर गजर उठतच नाही. टप्प्याटप्प्याने वेग वाढवून घ्या, नाहीतर टिकटिक बंद करून खंजेरीवाल्याच्या हाताकडे बघत वाजवा.