मदत हवी आहे: २४ व्होल्टची लिथियम बॅटरी तळाला गेली, एक सेल फारच खाली

नमस्कार मंडळी,

सोलरवरच्या बॅटरीबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. ग्रिडची जोडणी नाही. अडीअडचणीला एक छोटा जनरेटर आहे, तेवढाच.

बॅटरी २४ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-अवर), लिथियम आयर्न फॉस्फेट, ८ सेल सिरीजमध्ये, आत बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर वाट तोडणारं सर्किट). पुढे पॅनेलमधून बॅटरी भरणारा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टर. जागा बंद असताना पॅनेलच्या वायरीचा कनेक्टर वितळला आणि चार्जिंग थांबलं. हा इन्व्हर्टर लोड नसतानाही वीसेक वॅट खातो, म्हणजे दिवसाला साधारण २० एएच. भरलेली बॅटरीसुद्धा पाच दिवसांत रिकामी. मग बीएमएसने लोड तोडला असेल, पण तो स्वतः सेलमधून थोडं थोडं घेतच राहिला.

टर्मिनलवर मल्टिमीटर ०.८ व्होल्ट दाखवतो. बीएमएसने वाट बंद केल्यावर असंच दिसणार, म्हणून झाकण काढून प्रत्येक सेल मोजला. सात सेल २.५८ ते २.७१ च्या मध्ये आहेत. चौथा १.७४. फुगवटा नाही, वास नाही, गळती नाही, पट्ट्यांचे नट घट्ट आहेत.

कंट्रोलर ढिम्म. त्याला आधी बॅटरीचे व्होल्ट दिसले तरच तो जागा होतो, आणि बॅटरी स्वतःला दाखवतच नाही. माझ्याकडे करंट बांधता येणारा ३० व्होल्ट ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय आहे, तो जनरेटरवर चालेल.

चौथा सेल आधी वेगळा वर आणावा की सगळी बॅटरी एकदम चार्ज करावी? आणि १.७४ पर्यंत उतरलेल्या सेलवर पुढे भरवसा ठेवावा का? यातला दुसरा प्रश्नच माझा खरा प्रश्न आहे.

प्रतिसाद १

एवढा विचार कशाला? पॅनेल थेट बॅटरीला लावा दोन मिनिटं. बीएमएस उठतो, मग कंट्रोलर जोडा.

प्रतिसाद २

वरचं कृपया करू नका. ६० सेलच्या साध्या पॅनेलचे ओपन सर्किट व्होल्ट (काहीच जोडलेलं नसतानाचे) ३७-३८ असतात. बॅटरी जोडलेली आहे तोवर ती व्होल्ट दाबून ठेवते, पण मध्येच बीएमएसने वाट तोडली की ते सगळे व्होल्ट त्याच्या मॉस्फेटवर (वाट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) येतात. शिवाय चौथ्या सेलमध्ये किती करंट जातोय यावर कुणाचाच ताबा नाही. लेड अ‍ॅसिडचा चार्जर असेल तर तोही लांब ठेवा, विशेषतः जास्त व्होल्टचे झटके देणारा डिसल्फेशन मोडवाला.

आधी चौथा सेल एकटा घ्या. सप्लाय जोडण्यापूर्वीच ३.० व्होल्टला लावा, करंट १ ते २ अँपिअर. प्लस-मायनस दोनदा तपासा, कारण थेट सेलवर जोडल्यावर बीएमएस तुम्हाला वाचवायला मध्ये नसतो. सेलचं तापमान शून्याच्या खाली असेल तर चार्जिंग नकोच, आत धातूरूप लिथियम साचतं. शेजारी बसून राहा, हात लावून बघत राहा. इतक्या कमी करंटला सेल कोमट जरी लागला तरी बंद करा.

३.० ला पोचून करंट अगदी कमी झाला की सप्लाय काढा, बीएमएसची सेलना जाणारी वायरिंग सुटी करा (म्हणजे तो त्यातून काही घेणार नाही) आणि रात्रभर तसंच ठेवा. सेल थोडा उतरेल, ते चालतं. पण परत अडीचच्या खाली गेला आणि उतरतच राहिला, तर आत गळती आहे. फार खोल गेलेल्या सेलमध्ये अ‍ॅनोडकडच्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळतं आणि चार्ज करताना नको तिथे जमतं. तो सेल पॅकमध्ये ठेवायचा नाही. नुसते व्होल्ट वर आले म्हणजे सेल वाचला असं नव्हे.

टिकला तर बीएमएसची वायरिंग परत जोडून सगळे आठ २९ व्होल्टची मर्यादा लावून ५ अँपिअरने, बीएमएसमधूनच. बऱ्याच बीएमएसमध्ये डिस्चार्जची वाट बंद असली तरी चार्जिंग आत जातं, कंट्रोलरसारखी त्याला 'आधी व्होल्ट दाखव' अशी अट नसते.

एक विचारतो: पूर्वी बॅटरी पूर्ण भरायची तेव्हा बीएमएसच्या अ‍ॅपमध्ये चौथा सेल मागे असायचा की सगळ्यांच्या पुढे?

धागाकर्ता

मागे. बाकीचे ३.५० च्या वर गेले तरी तो ३.३८ च्या आसपास रेंगाळायचा. चालतंय ना, म्हणून लक्ष दिलं नव्हतं कुणी.

सल्ल्याप्रमाणे केलं. चौथा ३.० ला आणला, हाताला गार होता. रात्रीनंतर २.८९, दुपारी पुन्हा मोजला तरी २.८९. आता आठही सेल ५ अँपिअरवर चालू आहेत. बीएमएस आपणहून उठला.

प्रतिसाद २

मग आशा आहे. भरताना मागे आणि रिकामं होताना सर्वांत आधी तळाला, म्हणजे त्याची क्षमता कमी असेलच असं नाही, तो फक्त कमी भरलेला होता. भरतानाही पुढे आणि संपतानाही पुढे असता तर क्षमताच गेली असं म्हटलं असतं. पण मागे राहण्याचं कारण हळू गळतीही असू शकतं, म्हणून सोडून देऊ नका.

बॅटरी भरत आली की त्या एकट्याला सप्लायने ३.६० पर्यंत वर घ्या, म्हणजे बाकीच्यांच्या बरोबरीला येईल. बीएमएसच्या बॅलन्सिंगवर (सगळे सेल सारखे करण्याच्या त्याच्या सोयीवर) सोडलंत तर तेवढ्या मिलिअँपिअरमध्ये फार वेळ जाईल. मग २०० वॅटचा लोड लावून २४ व्होल्टपर्यंत उतरवा. नवी बॅटरी साधारण अकरा-बारा तास जाईल. नऊ-दहा तास मिळाले तरी वापरण्यासारखी आहे.

इन्व्हर्टरचा लो कट, म्हणजे बॅटरी उतरल्यावर तो बंद होण्याचे व्होल्ट, कितीला आहे?

धागाकर्ता

२१ व्होल्ट. फॅक्टरी सेटिंग तेच होतं.

प्रतिसाद २

२१ म्हणजे सेलमागे २.६ जेमतेम, तोवर कमजोर सेल बीएमएसच्या हद्दीपर्यंत गेलेला असतो. २४ करा. आणि जागा बंद ठेवताना इन्व्हर्टरच्या आधीचा डीसी ब्रेकर पाडा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. महिनाभर दर आठवड्याला चौथ्याचं रीडिंग इथे टाका, फुल चार्ज झाल्यावरचं.