एमजीबीचा मास्टर सिलिंडर: नवा की जुन्यालाच किट?

कोथरूडकर: काल इथे एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मास्टर सिलिंडरबद्दल (पेडलचा जोर ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोचवणारा पंप) एका सज्जनांनी लिहिलं, "नवा मास्टर सिलिंडर म्हणजे पैशांची नासाडी. होन मारा (आतून घासून गुळगुळीत करा), रबर सीलचं किट टाका, झालं." वाचून डोकं सणकलं. साठ वर्षांच्या बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाला, गंजाचे खड्डे पडलेले असतात हो! होनिंगने खोल खड्डा जात नाही, बोअर मात्र मोठा होतो. नवं रबर त्यावर घासून फाटतं. माझं सहा महिन्यांत फाटलं, तेही खंबाटकी उतरताना. पेडल थेट तळाला. माझी १९६५ची, ब्रेक ऑइलचं सर्किट एकच, म्हणजे पुढच्या डिस्क आणि मागचे ड्रम एकदमच गेले. हँडब्रेकवर उतरलो. बायको अजून त्या गाडीत बसत नाही. नवाच घ्या, पाऊण इंची बोअरचा.

बर्मिंगहॅमचा बंड्या: ते सज्जन मीच. बोअर न बघता किट मारलं तुमच्या मेकॅनिकने, शिव्या मला? आणि नव्या मालाचं कौतुक पुरे. माझा नवाकोरा दुसऱ्या आठवड्यात गळला. शेवटी जुन्यालाच स्टेनलेसची स्लीव्ह (आतलं अस्तर) बसवली. नऊ वर्षं झाली. आत डॉट ५, म्हणजे सिलिकॉनचं ब्रेक ऑइल, पाणी शोषतच नाही.

गॅरेजवाला नाना: सिलिकॉन! शोषत नाही म्हणजे पाणी शिरत नाही का? शिरतं, आणि थेंब होऊन खाली चाकाजवळच्या व्हील सिलिंडरात बसतं. तिथे गंज, आणि घाटात ब्रेक तापले की १०० अंशांना त्याची वाफ. ग्लायकॉलच्या डॉट ४ मध्ये ३.७ टक्के पाणी मुरलं तरी ते किमान १५५ अंशांपर्यंत न उकळता तग धरतं.

बंड्या: तुमचं डॉट ४ सांडलं की रंगाचे पापुद्रे निघतात, ते नाही सांगितलं नानासाहेब.

नाना: सांडू नका मग! लहान आहात का?

मीनल_पुणे: माझ्या दुकानदाराने डॉट ५.१ आणि डॉट ५ एकच म्हणून दिलं. ५.१ ग्लायकॉलचं, ५ सिलिकॉनचं. दोन्ही एकत्र चालत नाहीत, सगळं खोलून धुवावं लागलं. असो, माझा मूळ प्रश्न: पाऊण इंचीऐवजी सात-अष्टमांश इंची मास्टर सिलिंडर टाकला तर ब्रेक जास्त लागतील ना?

नाना: उलट, ताई. पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं की तेवढ्याच पायाला दाब पाव भागाहून जास्त घटतो. पेडल कडक लागतं, म्हणून लोकांना वाटतं ब्रेक सुधारले.

कोथरूडकर: बंड्याशेठ, स्लीव्ह करणाऱ्याचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सिलिकॉनबद्दल एक अक्षर नको.