सोलापूरची नवी पेठ संध्याकाळी फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवली तर?

काल आईला साडीला फॉल लावायला नवी पेठेत नेलं. दुकानाच्या पायरीला चिकटून दुचाक्या, पाय ठेवायला जागा नाही. मागून एकानं कर्कश हॉर्न मारला, आई दचकली आणि पिशवीतली पाव किलो शेंगाचटणी रस्त्यावर! संध्याकाळी ५ ते १० गाड्या बंद केल्या तर?

दुकानदार: गिऱ्हाईक दारात गाडी लावूनच येतं हो. आधी पार्किंग दाखवा, मग बोलू.

पायी हिंडणारा: डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचा स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता १९६२ साली गाड्यांना बंद केला, तेव्हा तिथलेही दुकानदार असेच चिडले होते. आज तो गजबजलेला असतो. दिल्लीच्या चांदनी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी, सायकलरिक्षा चालतात. माल रात्री उतरवायचा. पण म्हाताऱ्यांसाठी काहीतरी सोय लागेलच, ते खरं.

गड्डाप्रेमी: गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत होम मैदानावर रात्री उशिरापर्यंत पोराबाळांसकट चालतोच की! किल्ला, सिद्धेश्वर बघून पाहुणे चादरी घ्यायला पेठेत निवांत हिंडतील.

मूळ प्रश्नकर्ता: आई म्हणते, आधी चटणीचे पैसे कोण देणार ते विचार.