मदत हवी आहे : जगाच्या घडामोडींशी जोडून इतिहास कसा शिकवावा?

कोल्हापुरात दर शनिवारी पाचवी-सहावीच्या बारा मुलांना मी एक तास इतिहास शिकवते. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू जोडून आम्ही भिंतीवर कालपट लावला असून वरच्या ओळीत आपला इतिहास आणि खालच्या ओळीत जगाचा, अशी मांडणी केली आहे. मात्र 1917 खाली शाहू महाराजांनी सक्तीचे व मोफत केलेले प्राथमिक शिक्षण आणि रशियन क्रांती एकत्र पाहून एका मुलीने विचारले, "तिकडे क्रांती झाली म्हणून इकडे शाळा सक्तीच्या झाल्या का?" चूक तिची नव्हती, मांडणीची होती.

याउलट 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत कापसाचे भाव कडाडले, हा धागा मुलांनी नकाशावर बोट फिरवत स्वतः शोधला.

प्रोजेक्टर नाही, मुले मराठी माध्यमाची आहेत आणि शाळेचे पाठ्यपुस्तक बाजूला ठेवता येणार नाही. शिवकाळासाठी मुंबई बेट 1661 च्या विवाहकरारातून पोर्तुगीजांकडून इंग्रज राजाकडे गेल्याचा प्रसंग मी निवडला आहे. या वयाला झेपतील असे, कार्यकारण खरोखर सिद्ध असलेले आणखी कोणते प्रसंग घ्यावेत, आणि निव्वळ समकालीन घटना कालपटावर वेगळ्या कशा दाखवाव्यात?