बी-३०३ची गाडी, पंखा आणि पार्किंग

ए-१०१: बी-३०३, आज पुन्हा साडेसहाला तेच. दहा मिनिटं स्टार्टर, मग तो पंखा घोंघावतोय, आणि पेट्रोलचा वास थेट आमच्या स्वयंपाकघरात. घरात तान्हं बाळ आहे. किती वेळा सांगायचं?

बी-३०३: वहिनी, मनापासून सॉरी. मागच्याच आठवड्यात गॅरेजवाल्याने इंजिनचं तापमान मोजणारा टेम्परेचर सेन्सर बदलला. २२०० रुपये घेतले. दोन दिवस बरी चालली, तिसऱ्या दिवशी परत चेक इंजिनचा दिवा.

बी-२०४: परत सांगतो. कचऱ्याचे डबे पार्किंगमधून हलवा. उंदीर झालेत.

ए-१०१: इथे गाडीचं चाललंय.

ए-४०१: इलेक्ट्रिक घ्या, ना धूर ना पंखा 😄

सी-२०२: बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांनाही कूलंट, म्हणजे गार ठेवणारं द्रव, आणि पंखा असतो.

ए-४०१: काका, आधी चार्जिंग पॉइंट तरी मिळू दे. आठ महिने झाले अर्ज देऊन.

सेक्रेटरी: तो विषय सर्वसाधारण सभेचा आहे. कृपया इथे नको. 🙏

ए-४०१: नेहमीचं उत्तर.

सी-२०२: बी-३०३, अगं आज गाडीला हात लावू नकोस. उद्या सकाळी इंजिन गार असताना बघू. रात्रभर उभ्या गाडीचं कूलंट बाहेरच्या हवेइतकंच गार होतं. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि बिघाडाचे कोड दाखवणाऱ्या यंत्रावर, दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. आणि जुना सेन्सर फेकला नसशील तर घेऊन ये.

बी-३०३: डिकीत आहे, काका. कूलंटची पातळीही बघू का?

सी-२०२: सकाळीच बघू. तापलेल्या इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं.

बी-२०४: डब्यांचं कुणी बोलणार आहे का?

(दुसऱ्या दिवशी)

सी-२०२: कूलंट पुरेसं आहे. स्कॅनरवर हवा २३ अंश, कूलंट उणे ४०! कोड पी०११८. म्हणजे सर्किट कुठेतरी तुटलंय. तापमान कळत नाही म्हटल्यावर गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल अंदाजाने सोडतो आणि इंजिन तापू नये म्हणून पंखा फुल चालवतो. वहिनी, वास आणि आवाज, दोन्हीचं कारण हेच.

ए-१०१: कारण कळलं, बरं झालं. पण उद्या सकाळचं काय?

ए-४०१: पंखा डायरेक्ट स्विचवर घ्या. माझ्या मेव्हण्याने घेतलाय.

सी-२०२: कृपया नको. पंखा फिरेल, पण कॉम्प्युटरला तापमान कळणार नाहीच. मायलेज पडेल, प्लगवर काजळी धरेल, जास्तीचं पेट्रोल जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होईल. ते फार महागात पडतं.

बी-३०३: काकांनी जुना सेन्सर आमच्या पातेल्यात गरम पाण्यात धरला. गार असताना मीटरवर सव्वादोन हजार ओहम होते, पाणी वाफाळलं तसा आकडा उतरत तीनशेवर आला. तापमान वाढलं की याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी व्हायलाच हवा म्हणे. म्हणजे जुना सेन्सर चांगलाच होता! माझे २२०० फुकट गेले.

ए-१०१: अगं बाई. मीटर न लावताच बदलला?

बी-३०३: कोडवर सेन्सरचं नाव आलं म्हणून बदलला म्हणे.

सी-२०२: कोड सर्किट सांगतो. त्यात सेन्सर, कनेक्टर, वायर सगळं आलं. आता कनेक्टर काढून, चावी ऑन करून मोजलं. तिथे ५ व्होल्ट यायला हवेत. शून्य आहेत. वायर शोधतो.

बी-२०४: मी काही बोलत नाही.

सी-२०२: सापडली. एअर फिल्टरच्या पाइपाखाली टेप कुरतडलेली, आत एकच तांब्याचा धागा लटकत होता तोही तुटलाय. म्हणून दोन दिवस चालली. शेजारी शेंगदाण्याची टरफलं आणि लेंड्या.

बी-२०४: जानेवारीपासून सांगतोय. जानेवारीपासून!

सेक्रेटरी: तुमची तक्रार नोंदवलेली आहे. रविवारी डबे मागच्या गेटला हलवतो.

बी-२०४: रविवारी डबे हलणार, की रविवारी त्यावर चर्चा होणार?

ए-४०१: माझ्याही बॉनेटमध्ये टरफलं आहेत. आत्ताच बघितलं.

सी-२०२: सगळ्यांनी बॉनेट उघडून बघा. बी-३०३, वायर सोल्डर करून वर स्लीव्ह चढवलीय. कूलंट आता २५ दाखवतंय, इंजिन चालू ठेवलं तसं हळूहळू ८८ पर्यंत चढलं. कोड पुसलाय.

(तिसऱ्या दिवशी)

बी-३०३: वहिनी, साडेसहाला निघाले. आवाज आला?

ए-१०१: नाही गं, बाळ अजून झोपलंय. काका, संध्याकाळी चहाला या. आणि सेक्रेटरीसाहेब, डबे आजच हलवा, रविवारपर्यंत मी थांबणार नाही.